फक्त नेटचा प्लॅन

"सर, घरी कोणाजवळ साधा फोन हाय का? बटणाचा?" सुमितनं विचारलं.

सोमेश्वर बदनापूरला सुमितच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरला टेकून उभा होता. बियाण्यांच्या कंपनीत तो फील्ड सुपरवायझर होता आणि कंपनी त्याला प्रशिक्षणासाठी व्हिएतनामला पाठवत होती. विमानात तो पहिल्यांदाच बसणार होता.

"न्हाई. का बरं?"

"मंग निस्ता नेटचा प्लॅन घ्या. स्वस्तात जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांशी बोलता येतं. बटणाच्या फोनवर बोलायचं असंल तर कॉलिंगचा घ्यावा लागतो, तो लय महाग हाय."

तेव्हा सोमेश्वरला आठवलं. आष्टीला आई एकटी राहत होती आणि तिच्याजवळ बटणाचाच फोन होता. पण 'न्हाई' तोंडातून निघून गेलं होतं, आणि मागं दोन गिऱ्हाईकं ऐकत उभी होती. परदेशी निघालेल्या माणसाच्या आईकडं अजून साधा फोन, हे सांगायला त्याला कमीपणा वाटला.

"नेटचाच द्या," तो म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी साखराबाईचा, त्याच्या आईचा, फोन आला. "पोचल्यावर फोन कर बाबा."

"करतो ना, माय."

व्हिएतनाममध्ये नेट छान चाललं. संध्याकाळी तो हॉटेलच्या खिडकीतून बायकोला, साधनाला, रस्त्यावरची दुचाक्यांची गर्दी दाखवायचा. असंच बोलता बोलता ती म्हणाली, "अहो, आत्याबाईंला लावला का फोन? वाट पाहून राह्यल्या असतील त्या." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"लावला की," सोमेश्वर म्हणाला.

खरं सांगितलं असतं तर साधनानं लगेच आष्टीला फोन करून खुशाली कळवली असती. पण मग दुकानात काय झालं तेही सांगावं लागलं असतं. एकदा लावला म्हटल्यावर पुढं रोजच लावल्यासारखं बोलावं लागलं. आपलं नेहमीचं सिम त्यानं रोमिंगच्या भीतीनं बंद ठेवलं होतं. आईनं लावला तरी लागणार नव्हता.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी तो आष्टीला गेला. आईला काय सांगायचं, ती वाक्यं बसमध्ये जुळवत गेला. अंगणात आई तुरीच्या शेंगा सोलत होती. शेजारचे कचरूमामा आणि सोनूबाई तिथंच बसले होते.

"आला का फॉरेनहून?" कचरूमामा म्हणाले. "तुझ्या मायनं सगळं सांगितलं आमाला. रोज दिस मावळला की फोन येतो म्हणं तुझा. खायचे लय हाल झाले ना तिकडं?"

सोमेश्वरनं आईकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"भाकर भेटत न्हाई म्हणला ना तू," ती म्हणाली. "निस्ता भात."

"हां," तो म्हणाला. "निस्ता भात."

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आता बोलता येणार नव्हतं. बोलला असता तर आई खोटी पडली असती.

"गुणाचा हाय तुझा लेक," सोनूबाई आईला म्हणाली. "माझा पुण्यात हाय, तरी दिवाळीपस्तोर आवाज न्हाई त्याचा."

"सांग ना यांला तिथलं," आई म्हणाली. "मला फोनवर सांगितलं ते."

सोमेश्वर ओट्यावर टेकला. जमिनीकडं बघत नदीतल्या बाजाराचं सांगू लागला. तिथं दुकानं होड्यांतच असतात. ज्याच्याकडं जे असेल ते तो उंच बांबूच्या टोकाला बांधतो, अननस नाहीतर कोबी. लांबून ते बघून गिऱ्हाईक आपली होडी तिकडं वळवतं. कचरूमामा हुंकार देत होते. आईचे हात थांबले होते. अर्धी सोललेली शेंग तशीच बोटांत राहिली होती.

एका होडीतल्या म्हातारीनं त्याला हाताची खूण करून जवळ बोलावलं होतं. तिथपर्यंत सांगून त्यानं मान वर करून आईकडं पाहिलं.

"मंग?" आईनं न राहवून विचारलं. "कशाला बोलावलं तिनं?"

सोनूबाईनं आईकडं पाहिलं. मग शेंगांची परडी आपल्याकडं ओढून घेतली आणि मान खाली घालून शेंगा सोलू लागली.