सरस नाकारलेली घोडी

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. टापांची नव्हे, तंबोऱ्याची. तंबोऱ्याच्या पोटावर एक छोटा पाट असतो आणि चारही तारा त्याच्यावरून जातात. तो पाट म्हणजे मी. खाली शिसवी लाकूड, वर उंटाच्या हाडाची पट्टी. तारेचा गोडवा त्या हाडावर आणि हाडाचा सगळा भरवसा मधल्या सांध्यावर. आज माझे तुकडे झाले आहेत आणि ते आता जुळणार नाहीत. माझी कहाणी शेवटी गोड होत नाही, हे आधीच सांगून टाकते.

धुळ्याच्या सुकदेव मिस्तरींनी मला घडवलं. हाड त्यांनी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातली चरबी काढली. गुळगुळीत अंगावर डिंक धरत नाही, म्हणून करवतीच्या पात्याने दोन्ही अंगं खरवडली. मग पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून सरस पातळ केला. सरस म्हणजे जनावराचं कातडं उकळून काढलेला डिंक. आम्हा दोघांना, लाकडाला आणि हाडाला, शेकून, सरस लावून, सुतळीने आवळून त्यांनी सावलीत ठेवलं. कुणी घाई केली तर म्हणायचे, अक्षता पडल्या म्हणजे संसार झाला असं नव्हे.

तो तंबोरा वच्छलाबाईंसोबत माहेराहून धरणगावला सासरी आला. त्यांचा गळा असा, की गल्लीतल्या बाया पाण्याची घागर डोक्यावर तशीच ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. सासूबाई ताईबाई माळकरी आणि कडक, पण सुनेच्या आवाजाचा त्यांना फार अभिमान. श्रावणात खानदेशची देवी कानबाई नारळाच्या रूपाने घरात बसली की गाणी वच्छलाबाईंनीच म्हणायची. त्यांचं एकच स्वप्न होतं, जळगावच्या रेडिओवर गायचं. आवाजाच्या परीक्षेसाठी त्यांनी अर्जही केला होता. माझे ते दिवस सुखाचे होते. मला वाटायचं, असंच चालणार.

एका श्रावणात घर गळलं, ओलीने सरस मऊ पडला आणि हाड माझ्यापासून सुटलं. सरस सुटला तरी लाकडाचा टवकाही काढत नाही. पुन्हा शेकून पुन्हा जोडलं की झालं. वच्छलाबाईंचे पती रुपचंद यांनी मिस्तरींना निरोप धाडला. मिस्तरी एस.टी.ने आले आणि परसात चुलीवर सरसाचं भांडं ठेवलं. घरात कानबाईची तयारी चाललेली. वास थेट देवघरापर्यंत गेला. ताईबाई बाहेर आल्या आणि हे काय उकळतंय म्हणून विचारलं. मिस्तरींना खोटं बोलता आलं नाही.

"अक्का, जनावरना कातडाना शे. पन हाड नि लाकूड धरी ठेवाले यानासारखं दुसरं काही नही."

"मन्हा घरमा कानबाई येनार शे. हाई भांडं बाहेर काढ."

गंमत पाहा मित्रांनो. माझ्या डोक्यावरच्या हाडाला कुणी नाव ठेवलं नाही. ते शंखासारखं पांढरं होतं, चकचकीत होतं आणि त्याला वास नव्हता. सरसाला वास होता, म्हणून तो तेवढा विटाळाचा ठरला. वच्छलाबाई दाराशी उभ्या होत्या. सासूपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती.

रुपचंद म्हणाले, यात काय एवढं. त्यांनी जळगावहून दोन नळ्यांचा, कालवून लावायचा नवा डिंक आणायचं ठरवलं. मिस्तरींनी जाताना त्यांना एवढंच सांगितलं, "भाऊ, लाकूड ऊनमा आखडस, हाड आखडत नही. सरस थोडा सोसस. हाऊ दगड शे, हाऊ सोसाव नही."

रुपचंदांनी ऐकून घेतलं आणि मोठ्या मायेने तो डिंक आणून मला फासला. थर जाड बसला. तासाभरात मी अशी घट्ट झाले की सगळे खूश. मला मात्र श्वास कोंडल्यासारखं वाटत होतं. त्याच हिवाळ्यात सुकदेव मिस्तरी वारले.

परीक्षेचं बोलावणं आलं ते ऐन वैशाखात. धरणगाव ते जळगाव, एस.टी.चा पत्रा तापलेला, तंबोरा वच्छलाबाईंच्या मांडीवर. मी आखडत होते, हाड आखडत नव्हतं आणि मधला डिंक दोघांनाही हलू देत नव्हता. रेडिओ केंद्रात त्या तारा जुळवायला बसल्या. खुंटी पिळली आणि काडकन आवाज झाला. हाड मधोमध तुटलं आणि जाताना माझा टवका घेऊन गेलं. तिथल्या भल्या माणसांनी दुसरा तंबोरा दिला, पाणी दिलं, थांबायला सांगितलं. पण वच्छलाबाईंचा पहिल्याच सुराला आवाज फाटला आणि त्या उठून आल्या.

घरी कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ताईबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माय, कानबाईलेच नको व्हतं."

वच्छलाबाईंना ते पटलं. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. पुढच्या श्रावणात बायांनी किती आग्रह केला, त्या खाली मान घालून समया पुसत राहिल्या. तंबोरा माळ्यावर गेला. माझ्या लाकडाच्या रंध्रांत तो डिंक असा मुरला आहे की त्यावर आता सरसही धरणार नाही. पण माझं जाऊ द्या. देवीने काही केलं नाही हो, डिंक चुकला, एवढंच मला सांगायचं होतं. तारेवाचून घोडीला आवाज कुठला?

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. काही जोडाल तेव्हा जोडणाऱ्याचं ऐका. आणि ऐन वेळी काही मोडलंच, तर देवीचा कौल म्हणून कपाळाला लावण्याआधी ते उलटं करून सांधा पाहा. आमच्या घरात तो कुणी पाहिला नाही. वच्छलाबाई अजून रोज सकाळी देवघरातल्या कानबाईच्या नारळापुढे बसतात आणि आपण गायलो, याची माफी मागतात.