बनुबाईनंतरच्या कुरडया

सासूला आजारी पाडायचा उद्योग मोनिकानं सुरू केलाय, हे राहीबाईला शेजारच्या मुक्ताबाईकडून कळलं. मुक्ताबाई ताकाचा तांब्या घेऊन आली आणि दारातच आवाज बारीक करून विचारायला लागली, की आता कसं वाटतंय. राहीबाईला ना ताप ना खोकला. पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून बसलेली. मग उलगडा झाला. वस्तीवर ज्यांच्या ज्यांच्या कुरडया झाल्या, तिथं सून एकटी गेली आणि सगळीकडं सांगून आली, की आत्याबाईंना बरं न्हाई.

राहीबाईला काही झालेलं नव्हतं. जावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

राहात्याजवळच्या त्या वस्तीवर उन्हाळ्यात बायका एकमेकींना कुरडया करू लागतात. जी जाते तिच्याकडं बाकीच्या येतात. राहीबाई त्यातली मुकादम. कुणाची तार जाड पडते, कुणाची सून उन्हाला भिते, सगळं तोंडावर सांगणार. तिला उलट उत्तर देणारी एकच, तिची जुनी मैत्रीण बनुबाई. ती दिवाळीनंतर वारली. तेव्हापासून बायकांत बसलं की राहीबाईला एसटीच्या थांब्यावर बसल्यासारखं व्हायचं. सगळ्या बोलायच्या, ही उठायची वाट बघायची. एकदा तर बारशाला म्हणून निघाली आणि कोपऱ्यावरून माघारी आली. पाय का वळले ते तिचं तिलाच कळेना, आणि त्याचीच तिला मनातून धास्ती बसली होती. पण हे कुणाला सांगेल ती राहीबाई कसली.

आपण धडधाकट आहोत हे दाखवायचं म्हणून घरच्या कुरडयांचा चीक तिनं स्वतःच शिजवायला घेतला. बायका आल्या. पाट पुढं सरकवून 'मावशी, तुमी बसा' म्हणाल्या. ही बसली नाही.

दरवर्षी आधण उकळलं की बनुबाई विचारायची, मीठ घातलं का? राहीबाई म्हणायची, तुझ्या बापानं घातलं. यंदा कुणी विचारलं नाही. तिनं मीठ घातलं, हिंग घातला, कुणाची तरी वाट बघावी तशी घटकाभर थांबली, आणि पुन्हा मूठभर मीठ घातलं.

चीक शिजला. बायकांनी गरम गरम ताटलीत घेतला. सगळ्या म्हणाल्या, झाक झालाय. मुक्ताबाईनं तर आणखी थोडा मागून घेतला. मग राहीबाईनं बोटभर चाखला आणि तिला तो गिळवेना. तिनं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. सगळ्या खाली बघून खात होत्या. हातातली चीक ढवळायची काठी तशीच टाकून ती आत गेली आणि धान्याच्या कोठीला टेकून बसली. बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, खरंच बरं न्हाई त्यांना.

मोनिका आत आली. लग्न होऊन आल्यापासून 'व्हय आत्याबाई'च्या पुढं तिचा शब्द गेला नव्हता.

"आत्याबाई, चीक लई खारट झालाय. तुमी मीठ दोनदा घातलं."

"मग बाहेर मुकाट गिळत का बसलीस?"

"तुमाला कोन सांगनार? तुमी फाडून खाता. बनुमावशी हुत्या तवर त्या सांगायच्या." ती थांबली नाही. "आन् बरं न्हाई म्हनते, कारन दुसरं काय सांगावं मला कळत न्हाई. तुमी दिस दिस बोलत न्हाई. कुठं जात न्हाई. मला भ्या वाटतं."

राहीबाईनं पदर डोळ्यांकडं नेला, आणि सुनेसमोर नको म्हणून कमरेला खोचला.

"आजारी न्हाई मी," ती म्हणाली. "पन बरीबी न्हाई. बनी गेली तवापासून मला कुनी चुकलीस म्हनलं न्हाई. एवढ्या बायांत एकलीच बसते मी. तू भित्री हायेस मोनिके, आन् खोटारडीबी. पन आज खरं बोललीस. आता परत गप बसलीस ना, तर मी खरंच खाट धरंन, आन् ते पाप तुझ्या माथी."