पुदिना रजेवर

आईबाबांचा अबोला चालू होता आणि घरातलं टपालखातं मी होतो.

"तुझ्या बाबांना सांग, पुदिन्याचे शेंडे खुडू नका म्हणावं."

बाबा तिच्या समोरच जेवत होते. "तुझ्या आईला सांग, फुलं आली की पानं राठ होतात. मग चहात काय मधमाश्या घालू?"

घराला लागूनच बाबांचं चहाचं दुकान. पुदिन्याचा चहा ही दुकानाची शान. पुदिना मागच्या अंगणात, आणि तिथेच आईची मधमाश्यांची एकुलती एक पेटी. थंडी तोंडावर आली होती. आसपासची फुलं संपली होती. पेटीत मध साठला नाही, तर माश्या थंडी काढणार नव्हत्या. फुलायचा राहिला होता तो फक्त पुदिना, आणि बाबा रोज सकाळी त्याची हजामत करत होते.

पेटी मागून जराशी उचलायची. जड लागली, तर आत मध आहे. आईचं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून मी गेलो. माश्यांनी माझा एक डोळा बंद केला. उरलेल्या डोळ्याने आईकडे बघत मी म्हणालो, "हलकी आहे."

आईने पेटीवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बाबा खिडकीतून बघत होते.

"जेवली का ती?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"आई की राणीमाशी?"

"गप रे."

दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लागली : पुदिना रजेवर आहे.

"कधी रुजू होणार?" शेजारच्या न्हाव्याने विचारलं. "माझी गिऱ्हाइकं तुमच्या चहासाठी ताटकळत बसतात हो, केसांसाठी नाही!"

"मग पटापट कापत जा," बाबा म्हणाले.

पुदिना जांभळट तुऱ्यांनी भरला. अंगण दिवसभर गुणगुणायला लागलं. आणि एका सकाळी, घरातल्या साध्या माशीलाही घाबरून वाट करून देणारे माझे बाबा तोंडावर पिठाची चाळण बांधून पुदिन्यात उकिडवे बसले. पेटी त्यांनी बोटभर उचलली.

"जड आहे!" ते मला ओरडून म्हणाले.

"मला काय सांगताय? आई तुमच्या शेजारीच उभी आहे."

बाबांनी चाळणीतून वर बघितलं. "जड आहे गं."

"ठेवा मग खाली. हळू." आई वाकली. "आणि हलू नका. कॉलरवर एक बसलीय."

"काय करतेय?"

"काही नाही. पुदिन्याचा वास येतोय तुमच्या अंगाला."