एक इंच वरची गाडी

अजेयने वडिलांच्या, भाऊंच्या गाडीला मोठी चाकं बसवून दिली, आणि तेव्हापासून त्याची आई गोदावरी त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. भाऊंच्या हे ध्यानात यायला फार वेळ लागला. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. शेवटच्या बाकावरची कुजबुज बरोबर पकडायचा, पण घरातलं माणूस गप्प झालेलं काही कळेना.

तशी चाकं हवीच होती. श्रीवर्धनच्या त्यांच्या वाडीत शिरताना वाटेत जांभ्याचा कातळ वर आलेला, गाडीचं पोट दर वेळी त्यावर खरवडायचं. उरणला नोकरीला असलेल्या अजेयने सुट्टीत येऊन हौसेने मोठ्या रिमा आणि टायर घातले. गोदावरीने चाकांना हळदकुंकू लावलं, टायरखाली लिंबं ठेवली, लेकाची दृष्ट काढली. पुढे मात्र देवळात जायचं तर ती म्हणे, चालतच जाते. बहिणीकडे जायचं तर सुपारी वाळत घातलेली असायची.

आता उरणला, सुनेच्या माहेरी, पहिल्या नातीचं बारसं होतं.

"तुम्ही जाऊन या हो," गोदावरी म्हणाली. "सुपारी बाहेर आहे. आभाळाचा काय भरवसा?"

फेब्रुवारीचं आभाळ लख्ख होतं. नातीसाठी शिवलेलं दुपटं तिने चार वेळा उलगडून पुन्हा घडी घातलेलं भाऊंनी पाहिलं होतं. "आग लागो तुझ्या सुपारीला!" म्हणत ते तणतणत बागेत गेले.

परतताना ते दगडी गडग्याआड थबकले. अंगणात कोणी नाही असं बघून गोदावरीने गाडीचं दार उघडलं होतं आणि खाली जेवायचा पाट ठेवला होता. तिने दाराला धरून जोर केला, "आई गं" म्हणाली आणि गुडघा धरून तशीच पाटावर बसली. पदराने डोळे पुसले. पुढे होऊन हात द्यावा असं भाऊंना फार वाटलं, पण विहीणबाईंच्या दारात पाट टाकून गाडीत चढणारी ही बाई नव्हे, आणि आपण पाहिलं हेही तिला सोसायचं नाही. ते मागल्या पावली बागेत फिरले.

दुसऱ्या दिवशी सुपारीच्या खोलीतली जुनी चाकं गाडीत कोंबून ते बोर्लीला, टायरवाल्या विनेशकडे गेले.

"मोठ्या टायरने गाडी उचलली तरी किती?"

"एक इंच, मास्तर. टायर दोन इंचांनी मोठा हाय, पर निम्मा वर, निम्मा खाली. दाराच्या आतल्या पट्टीवर कंपनीनं लिवलाय तोच साइज बरा. पर मग तुमचा कातळ?"

"त्याचं मी बघतो."

एक इंच! एवढ्याने काय होतंय, असं चाकं बसवताना आपणच म्हणालो होतो, हे आठवून भाऊ ओशाळले. त्यांनी अजेयला फोन करून आईचं सांगितलं. सगळं ऐकून तो मग म्हणाला, "आईने मला सांगितलं का नाही?"

"तू हौसेने आणली होतीस ना रे."

विहिरीमागे पडलेले चिरे आणून भाऊंनी वाटेवर दोन्ही चाकोऱ्या उंच करून घेतल्या. आता कातळ मधल्यामध्ये राहत होता. पाणी तुंबतं म्हणून, असं त्यांनी घरात ठोकून दिलं.

बारशाच्या सकाळी गोदावरी त्यांना निरोप द्यायला अंगणात आली. चाकांकडे बघत राहिली. तशीच आत गेली, ती ठेवणीतलं लुगडं नेसून, दुपटं आणि चार लिंबं घेऊनच बाहेर आली. दार उघडून ती आत बसली. तोंडातून हूं की चूं नाही.

"ही तेवढी चाकांखाली ठेवा," तिने लिंबं पुढे केली.

"अगं, जुनीच चाकं आहेत."

"माझ्यासाठी आणलीत ना? मग नवीनच."

भाऊ वाकून एकेक लिंबू ठेवत गेले. तिच्या दाराशी शेवटचं ठेवलं आणि उठताना त्यांचेच गुडघे कडकडले. "आई गं!"

गोदावरी खुदकन हसली. डोळे भरले होते तिचे. बसल्या जागेवरून तिने हात पुढे केला. भाऊंनी तो धरला, आणि उभे राहिल्यावरही सोडला नाही.