फक्त उन्हाळ्यात वापरलेली

मी एक जुनी निळी मोटार आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. म्हाताऱ्या गाड्यांनी आपली कहाणी सांगताना जरा हळवं व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मीही झाले असते. पण माझ्या विक्रीची जाहिरात माझ्यासमोर मोठ्याने वाचली गेली आणि माझं डोकंच फिरलं. ‘एकाच वृद्ध बाईंनी जपून वापरलेली. फक्त उन्हाळ्यात चाललेली. गंजाचं नाव नाही. आईची आठवण आहे, नाइलाजाने विकणे.’ चार वाक्यं, त्यातलं पहिलं तेवढं खरं!

फक्त उन्हाळ्यात म्हणे! मी सतरा हिवाळे काढले आहेत. आमच्या थंडर बे गावात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आम्हा गाड्यांच्या पोटाला लागतं आणि आतून खात राहतं. इथली कुठलीही गाडी त्यातून सुटलेली नाही.

कारखान्यातून मी थेट हेल्मी कोस्किनेन यांच्याकडे आले. त्या शाळेच्या ग्रंथालयात काम करत. बोलत फार कमी, पण दर शनिवारी मला धुण्याच्या जागी नेत आणि वाकून, गुडघे चिखलात टेकून, माझं पोट पाण्याच्या फवाऱ्याने धूत. शेजारी हसायचे. त्या लक्षही द्यायच्या नाहीत. माझं तेल कधी बदललं, ब्रेक कधी पाहिले, सगळं एका वहीत लिहून ठेवत. इतकं कोणी आपल्यासाठी करतं तेव्हा काय वाटतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

पुढे बाईंचे गुडघे गेले, मग त्या वृद्धाश्रमात गेल्या. मी दोन वर्षं त्यांच्या घरामागे झाडाखाली उभी राहिले. उंदरांनी सीटमध्ये घरटं केलं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, निदान कोणीतरी आत बसत होतं. शेवटी बाईंचा पुतण्या आला आणि त्याने मला रॉडनी नावाच्या माणसाला दिलं. “हिची चासी, खालचा सगळा सांगाडा, सडली आहे. रस्त्यावर काढू नकोस, भंगारात घाल,” असं त्याने बजावून सांगितलं. रॉडनीने मान हलवली.

कसलं भंगार! रॉडनीच्या आवारात माझ्यासारख्या पाच जणी आधीच उभ्या होत्या. हा माणूस दुकान थाटत नाही, पाटी लावत नाही. एकेक गाडी वेगवेगळ्या पार्किंगमध्ये नेऊन उभी करतो आणि घरची म्हणून विकतो. त्या एका उन्हाळ्यात त्याची आई चार वेळा वारली. त्याने माझ्या सडलेल्या पोटावर डांबरासारखा जाड काळा लेप फासला, दारांखालची भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली आणि वर रंग मारला. हेल्मीबाईंची वही मात्र जपून समोरच्या कप्प्यात ठेवली. गंजाची नोंद असलेली शेवटची पानं फाडून!

एके दिवशी तो माझ्यात बसला असताना फोन आला. पलीकडे एक बाई होती.

“नमस्कार, मी निपिगॉनहून डार्लीन बोलतेय. तुमची ती गाडी आहे ना अजून?”

“कुठली? लाल का निळी?” रॉडनी बोलून गेला.

मित्रांनो, ज्याची घरची एकच गाडी विकायची असते, तो ‘कुठली’ असं विचारत नाही. डार्लीनलाही ते खटकलं असावं. पण तिच्या आईला आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला शंभर किलोमीटरवरच्या इस्पितळात न्यावं लागत होतं. त्यांची स्वतःची गाडी कायमची बंद पडली होती आणि हिवाळा तोंडावर आला होता. गरज असली की माणूस खटकलेलं गिळतो. “निळी,” ती म्हणाली. “शनिवारी येते.”

शनिवारी रॉडनीने मला अर्धा तास फिरवून डोनटच्या दुकानामागे आणलं. थंड इंजिन सुरू करताना मी खडखडते, ते गिऱ्हाइकाला ऐकू येऊ नये म्हणून. शेजाऱ्याच्या ट्रकमधून डार्लीन उतरली आणि मागून काठी टेकत तिची आई, इव्हॉन.

इव्हॉनबाईंनी आधी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. “गरम आहे.”

“तुमच्यासाठी धुऊन आणली ना, मावशी.”

“मी तुझी मावशी नाही. कागदावर नाव कोणाचं आहे?”

“आईचं. गेली बिचारी.” रॉडनीने डोळे पुसले. “ही बघा तिची वही.”

डार्लीनने वही चाळली आणि तिचा चेहरा उजळला. “आई, बघ ना, किती नीट ठेवलीय! अशी परत मिळायची नाही. घेऊन टाकू या.”

माझ्या बाईंचं अक्षर दाखवून हा चोर या पोरीचा गळा कापत होता! हिवाळ्यात भर रस्त्यावर माझी चासी मोडली असती, तर या दोघींचं काय झालं असतं? मी ओरडत होते, पण ते कोणाला ऐकू जाणार?

“घेऊ,” इव्हॉनबाई म्हणाल्या. “आधी स्टेपनी लाव.”

“आता? टायर चांगलेच आहेत की!” रॉडनी हसला.

“आमच्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर फोन लागत नाही, बाबा. टायर गेला तर माझ्या लेकीलाच जॅक लावायचा आहे. तू एकदा लावून दाखव, तिला बघू दे.”

त्या भागात लोक गाडी घेताना हे करायला लावतातच. रॉडनीला नाही म्हणता येईना. तो कुरकुरत खाली बसला, जॅक माझ्या दाराखाली लावला आणि फिरवू लागला. मी वर उचलले गेलेच नाही. जॅकच माझ्या आत शिरला. काळा लेप फाटला, लांबीचा ढलपा पडला आणि ओंजळभर लाल गंज त्याच्या बुटांवर सांडला. दुखलं, पण आयुष्यात कधी झाला नव्हता इतका आनंद मला त्या भोकाने झाला.

डार्लीन रडू लागली. “आई, मंगळवारी जायचं कसं गं मग?”

“मागच्या मंगळवारी गेलो तसं. कोणाच्या तरी ट्रकमधून, उशिरा,” आई म्हणाली. “पण जिवंत.”

“थोडं काम निघणारच ना, जुनी गाडी आहे,” रॉडनी पुटपुटला. “किंमत कमी करतो.”

इव्हॉनबाईंनी पर्समधून घराची किल्ली काढली. त्या माझ्या उजव्या दाराशी आल्या आणि त्यांनी नव्या रंगावर, सावकाश, मोठ्या अक्षरांत कोरलं: ‘खालून सडली आहे’.

“ए म्हातारे! पोलिसांना बोलावीन!”

“बोलाव की. तुझ्या आईलाही बोलाव.”

त्या दोघी निघून गेल्या. मी मात्र अजून रॉडनीकडेच आहे. भोक त्याने पुन्हा बुजवलं, रंगाचा खर्च मात्र केला नाही. काल त्याने माझी नवी जाहिरात टाकली आहे. तिच्यात माझे आठ फोटो आहेत आणि आठही डाव्या बाजूने काढलेले.

मित्रांनो, तुम्ही ती पाहाल. गरजेत असाल, घाईत असाल, फोटो आवडतीलही. पण हात जोडून सांगते, पैसे काढण्याआधी एवढं करा. पलीकडच्या बाजूला या.