आप्पांची दाढ

व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मी थेट माणसाच्या काळजात उभी! मढ्याला हात लावायचा न्हाय, सगळं चष्म्यातच शिकवतात, एवढ्याच बोलीवर आमच्या आप्पांनी मला बेळगावला नर्सिंगला धाडलं. जैनांचं घर, आप्पा बटाटासुद्धा खात न्हाईत. त्यांना काय ठाऊक, हितं काळीज घराएवढं दिसतंय नि डोक्यावर धाडधाड उडतंय!

"त्रिशला, आता डावीकडची रक्तवाहिनी बंद कर. बटण दाब," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या.

दाबलं. समोरची लालभडक भिंत काळीनिळी पडत गेली, ठोके चुकायला लागले. अगं बाई गं, मी किंचाळलेच.

"घाबरू नको, खोटं आहे. पण पेशंट छातीत दुखतंय म्हणेलच असं नाही. कधी नुसता घाम येतो, जबडा दुखतो. लोकांना वाटतं दाढच."

दाढ! सकाळी आईचा फोन आलता. आप्पांची दाढ ठणकतीया, घामानं सदरा भिजलाय, पर चतुर्दशीचा निर्जळी उपास. गोळी उद्या सूर्य उगवल्यावरच घेणार म्हणं.

चष्मा ओरबाडून काढला आणि घरी फोन लावला.

"निजल्यात गं," आई म्हणाली. "उठवू नगं म्हणाल्यात."

"उठव आधी! श्वास चाललाय का बघ!"

मॅडमनी फोन घेऊन आईला दोन प्रश्न विचारले आणि त्यांचा चेहराच उतरला. आजीच्या औषधांच्या डब्यात रक्त पातळ करायची अ‍ॅस्पिरिन होती. ती आत्ता चावून खायला लावा आणि गाडी काढा, असं त्यांनी बजावलं.

आप्पांचा आवाज आला, विहिरीतून आल्यागत. "आजवर एक चतुर्दशी मोडली न्हाय गं."

मी लई भ्याले होते, त्यात संताप आला. "पुढच्या चतुर्दशीला तुम्ही असाया पायजे न्हवं! मी आत्ता आत बघून आले आप्पा, काळीज काळं पडतंय वो. मोडा उपास. पाप माझ्या माथी."

पलीकडं माझ्या भावानं, वृषभनं, गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

मग आप्पा म्हणाले, "तू णमोकार म्हण."

सगळ्या वर्गासमोर मी रडत रडत मंत्र सुरू केला. पहिल्याच ओळीला गोळी कुरकुर चावल्याचं ऐकू आलं. चिकोडीच्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबेपर्यंत मी म्हणत होते. माझा आवाज बसला की तिकडून आप्पा म्हणायचे, "मोठ्यानं गं."