फॉल्टवाल्यांच्या घरचा फॉल्ट

"काय म्हणालास, दादा? परत बोल!" असं ओरडत फॉल्टवाले लॅपटॉपवर वाकले, आणि पडद्यावरचा दादा तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजला. मग तोही गेला. उरलं ते नुसतं गरगरणारं चक्र.

"गेलं! आज चौथा दिवस, आणि चौथ्यांदा गेलं!" फॉल्टवाल्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"टेबल मोडल्यावर येणार आहे का ते?" बायको आतून म्हणाली.

टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं बिघाड शोधण्यात गेली, म्हणून शेजारीपाजारी त्यांना फॉल्टवालेच म्हणत. उंदराने कुरतडलेली तार त्यांनी अंधाऱ्या चेंबरमध्ये नुसत्या बोटांनी ओळखली होती. आणि आता घरातल्या, तारच नसलेल्या वाय-फायने त्यांची अब्रू वेशीवर टांगली होती.

एरवी त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण पलीकडे दादा होता. नऊ वर्षांपूर्वी दादाने स्वतःच्या मुलीच्या सासरच्यांसमोर त्यांची ओळख करून दिली होती, "हा आमचा धाकटा. तारा ओढतो." दुसऱ्या दिवशी फॉल्टवाल्यांनी फोन करून जाब विचारला, दादा हसला, आणि यांनी रिसीव्हर आपटला. पुढे नऊ वर्षं दोघांपैकी कुणीच तो उचलला नाही. गेल्या महिन्यात दादाची एक बाजू लुळी पडली. "बाबा तुमची आठवण काढतात, काका," असा त्याच्या सुनेचा निरोप या आठवड्यात आला. तेव्हापासून हे व्हिडिओ कॉल. सकाळी दहाला लावायचा, ख्यालीखुशाली व्हायची, दादा मुद्द्याचं काही बोलू लागायचा आणि नेमकी तेव्हाच लाइन तुटायची. दुसऱ्या दिवशी दादा जड जिभेने विचारायचा, "ठेवलास ना काल? तुझी सवय काही जात नाही."

फॉल्टवाल्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. राउटर कपाटावर झाला, खिडकीत झाला, पालथ्या पातेल्यावर झाला. लॅपटॉप बंद करून चालू केला.

"माझ्या फोनचं वाय-फाय तर कधी जात नाही," बायको म्हणाली होती.

"तुझा फोन लहान आहे. त्याला थोडंसं पुरतं."

कंपनीच्या मुलीने फोनवर नम्रपणे विचारलं, "सर, लॅपटॉपवरचं वाय-फायचं बटण चालू आहे ना?" तेव्हा तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला आपण तेहतीस वर्षं "रिसीव्हर नीट ठेवलाय ना?" असंच विचारत होतो, हे त्यांना आठवलं नाही असं नाही. पण ते ग्राहक होते.

आज बायको शेंगा सोलायला मुद्दाम त्यांच्या बाजूला येऊन बसली. फॉल्टवाले चक्र बघायला परत पुढे वाकले, तसं ते थांबलं, लाइन आली होती.

"अहो, जरा वाका बघू. मघाशी वाकला होतात तसे."

ते वाकले. लाइन गेली.

"आता परत वाका."

लाइन आली.

"पोट लागतंय तुमचं," ती शेंग मोडत म्हणाली. "पुढच्या कडेला बारकं बटण आहे, त्याला. एकदा दाबलं की बंद, परत दाबलं की चालू."

"पोट? माझं?"

"इथे दुसरं कोणाचं आहे?"

फॉल्टवाल्यांनी खात्याच्या शिस्तीने तीनदा चाचणी घेतली. तिन्ही वेळा पोट दोषी ठरलं. शेवटी ते खाकरून, खात्याच्या आवाजात म्हणाले, "फॉल्ट सापडला. ग्राहकाच्या बाजूला आहे."

त्यांनी खुर्ची हातभर मागे घेतली आणि पुन्हा कॉल लावला.

"आलास?" दादा म्हणाला. "आता ठेवू नकोस रे."

"दादा, मी ठेवत नव्हतो. तू काही बोलायला लागलास की मी ऐकायला पुढे वाकायचो, आणि पोटाने बंद व्हायचं."

दादाचं अर्धंच तोंड हसू लागलं, खांदे गदगदू लागले. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने चांगल्या हाताने पुसलं.

"चार दिवस एकच सांगतोय तुला," तो थांबत थांबत म्हणाला. "सुनेला सांगत होतो... वादळात सगळ्या लाइनी पडल्या होत्या. दवाखान्याचा फोन... माझ्या भावाने चालू केला. खांबावर चढून. मी खाली उभा होतो. बघत."

"तू होतास तिथे?"

"होतो. तुला बोललो नाही कधी."

फॉल्टवाल्यांना पुढे वाकावंसं वाटलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

एवढ्या बोलण्यानेच दादा दमला. त्याची मान हळूहळू उशीला टेकली, डोळे मिटले. सून पडद्यात डोकावली. "काका, बाबांचा डोळा लागला. ठेवू का?"

"राहू दे," ते कुजबुजले. "जरा वेळ राहू दे."

पडद्यावर दादाच्या छातीवरची चादर सावकाश वर जात होती, खाली येत होती. फॉल्टवाले ताठ बसून ती बघत राहिले. बायकोने उठून पंखा बंद केला. तो फार करकरत होता.